वीजबिलातली सवलत माणसाला मिळते की मीटरला?

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनी परवा कणिक मळता मळता विचारलं, "ताई, ते शंभर युनिट फुकट झालं म्हणतात, ते आमाला पण आहे का?" आणि हात पुसून मोबाईल दाखवला. व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो, वर बल्बचं चित्र, खाली "लवकर फॉर्म भरा", आणि एक लिंक. लिंक मी उघडू दिली नाही. पण उत्तर मलाही पटकन देता आलं नाही, कारण वीजबिल आपण सगळेच भरतो आणि वाचत कोणीच नाही, शेवटची रक्कम बघायची, "एवढं कसं आलं" म्हणायचं आणि गूगल पे करून टाकायचं.

मावशी नवी मुंबईतल्या दिघ्याला भाड्याने राहतात, मी ऐरोलीत. एकाच स्टेशनचं अंतर. दोघींनाही वीज महावितरणची. त्या मालकाला युनिटमागे १२ रुपये देतात, माझ्या बिलातली पहिली शंभर युनिटं त्याच्या अर्ध्याहून कमी दरात असतात. हे असं उलटं का, हे समजून घ्यायला दोन संध्याकाळी गेल्या. जे कळलं ते लिहिते.

आधी युनिट म्हणजे काय ते

१००० वॅटची वस्तू एक तास चालवली की एक युनिट. बस्स, इतकंच. जुना सीलिंग फॅन साधारण ७५ वॅटचा असतो. आपल्याकडच्या दमट हवेत तो दिवसाला १४ तास तरी फिरतो, म्हणजे रोजचं एक युनिट, महिन्याची तीसेक. ९ वॅटचा एलईडी रोज सहा तास लावला तर महिन्याची दोन युनिटंही होत नाहीत. म्हणजे "लाईट बंद कर रे" म्हणून पोरांवर ओरडण्यापेक्षा पंख्याकडे बघावं, हा माझा घरगुती शोध. नवीन प्रकारचे पंखे, ज्यांना बीएलडीसी म्हणतात, ते तीसेक वॅटवर चालतात, पण ते महाग पडतात. म्हणजे वीज वाचवायला सुद्धा आधी खिशात पैसे लागतात.

बिल म्हणजे खानावळीतली राइस प्लेट

राइस प्लेटमध्ये दोन चपात्या येतात, त्या पॅकेजमध्ये स्वस्तात बसतात. तिसरी मागितली की "एक्स्ट्रा". चौथी-पाचवी पण एक्स्ट्रा. विजेचं तसंच. पहिली १०० युनिटं स्वस्त, १०१ ते ३०० महाग, ३०१ ते ५०० अजून महाग, त्याच्या वर विचारूच नका. या पायऱ्यांना स्लॅब म्हणतात. दर ठरवतो महाराष्ट्र वीज नियामक आयोग, महावितरण नाही आणि मंत्री तर नाहीच, मंत्री फक्त जाहीर करतात.

२०२४-२५ च्या दरपत्रकात पहिल्या शंभरला ४ रुपये ७१ पैसे, दुसऱ्या स्लॅबला १० रुपये २९ पैसे, तिसऱ्याला १४ रुपये ५५ पैसे आणि ५०० च्या वर १६ रुपये ६४ पैसे असे वीज आकार होते. त्यावर प्रत्येक युनिटला १ रुपया १७ पैसे वहन आकार, म्हणजे वीज तारांमधून तुमच्या घरापर्यंत आणायचं भाडं. दर बदलत राहतात, तुम्ही हिशोब करताना तुमच्या ताज्या बिलावरचे घाला, मी खाली सगळीकडे हेच धरलेत.

इथे एक गैरसमज इतका पसरलाय की आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी काका सुद्धा त्यात आहेत. १०१ वं युनिट जळलं की सगळीच्या सगळी युनिटं महाग होतात असं लोकांना वाटतं. नाही हो. पहिली शंभर स्वस्तातच राहतात, फक्त वरचं एक युनिट महाग. तिसरी चपाती घेतली म्हणून पहिल्या दोनचा भाव वाढत नाही.

बाकी बिलात स्थिर आकार असतो, साधारण सव्वाशे रुपये, एक युनिट न जाळता पण लागतो, गावी महिनाभर गेलात तरी. इंधन समायोजन आकार म्हणजे कोळसा वगैरे महाग झाला तर त्याची भर. आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क, ते राज्य सरकारचं.

मग पहिली शंभर स्वस्त ठेवायचे पैसे देतं कोण?

गणपतीची वर्गणी आठवा. नाक्यावरच्या ज्वेलरकडून ५००१, किराणावाल्याकडून ५०१, चाळीतल्या खोलीकडून ५१, आणि मंडप, लाईटिंग, प्रसाद सगळ्यांना सारखाच. विजेत याला क्रॉस सबसिडी म्हणतात. कारखाने, मॉल, ऑफिसं आणि आपल्यातले एसीवाले जास्त दर भरतात, त्यातून कमी वापरणाऱ्यांचा दर खाली राहतो. टीटीसी एमआयडीसीतले कारखाने, वागळे इस्टेटमधली युनिटं, घोडबंदर रोडवरचे टॉवर हे सगळे या मंडळाचे मोठे वर्गणीदार.

गंमत अशी की ज्वेलर म्हणाला मी माझा वेगळा गणपती बसवतो, तर मंडळाचं काय? तेच सध्या होतंय. मोठे कारखाने बाहेरून थेट वीज विकत घेतात किंवा स्वतःचं सोलर लावतात, ते वर्गणीतून हळूहळू सुटतात आणि उरलेल्यांवर भार येतो. म्हणून "गरिबांना अजून स्वस्त करा" हे म्हणायला सोपं, पण पावती फाडायची कोणाच्या नावाने हा प्रश्न उरतोच.

दुसरा मार्ग म्हणजे सरकारने सरळ तिजोरीतून पैसे देणं. वीज कायदा २००३ चं कलम ६५ सांगतं की सरकारला कुणाला सवलत द्यायची असेल तर ते पैसे वीज कंपनीला आगाऊ द्यायला हवेत. म्हणजे नगरसेवकाने स्टेजवर "माझ्यातर्फे एक लाख" म्हणायच्या आधी चेक फाडायचा.

पिवळं कार्ड दाखवून वीज स्वस्त होते का?

नाही. आणि इथेच मावशींसारख्या सगळ्यांची फसगत होते. दारिद्र्यरेषेखालचा वेगळा दर महावितरणमध्ये आहे, त्याला बीपीएल दरच म्हणतात, पण त्याचा रेशनकार्डाच्या रंगाशी संबंध नाही. तो मिळतो मीटरकडे बघून. मंजूर भार, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त जेवढी वीज ओढायची परवानगी, तो अगदी छोटा, पाव किलोवॅट, आणि गेल्या आर्थिक वर्षात वापर ३६० युनिटांच्या आत. महिन्याला ३०. वर बघितलं ना, एक जुना पंखा. पंखा आणि दोन बल्ब लावले की माणूस कागदावर गरीब राहत नाही, फ्रिज तर सोडाच.

त्याहून कडक गोष्ट म्हणजे वर्षभरात ३६० ओलांडले की तुम्ही साध्या घरगुती दरात जाता आणि मग परत बीपीएलमध्ये येताच येत नाही, पुढे वापर कितीही कमी केला तरी. एका उन्हाळ्यात घरात बाळंतीण असेल, पंखा रात्रंदिवस चालला असेल, तर तेवढ्यावर दार कायमचं बंद. मला हा नियम कधीच पटणार नाही. गरिबी एवढ्या सरळ रेषेत जात नाही, कधी सुटते कधी परत येते.

आपल्या भागात हा दर किती जणांच्या कामाचा? ठाण्या-नवी मुंबईत ३० युनिटांत महिना काढणारं घर मला तरी माहीत नाही. येऊरच्या पाड्यांवर असतील काही. म्हणून शहरातल्या गरिबाला खरी मदत जी होते ती पहिल्या शंभरच्या स्लॅबमधून, अर्ज नाही, फॉर्म नाही, रांग नाही, आपोआप. फक्त अट एकच, मीटर तुमचा एकट्याचा हवा.

एक थाळी आणि चार जण

आता मावशींचा हिशोब. मालकाचा एक मीटर, त्यावर चार खोल्या, प्रत्येक खोलीत छोटा सबमीटर. सबमीटर म्हणजे मालकाने स्वतः बाजारातून आणून लावलेला, महावितरणला तो माहीतच नाही. प्रत्येक खोलीचे महिन्याला साधारण ७० युनिट, चारांचे मिळून २८०.

चौघांचे वेगळे मीटर असते तर प्रत्येकाचे ७० च्या ७० युनिट पहिल्या स्लॅबमध्ये बसले असते. ४.७१ आणि १.१७ मिळून ५.८८, गुणिले ७०, झाले ४११ रुपये ६० पैसे. त्यात स्थिर आकाराचे सव्वाशे घाला, वर १६ टक्के, एका खोलीचं बिल साधारण ६२२ रुपये.

आणि आत्ता? महावितरणला दिसतं एकच घर, २८० युनिट जाळणारं, म्हणजे बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी. पहिल्या शंभरचे ५८८ रुपये, पुढची १८० युनिटं ११.४६ ने, त्यांचे २०६२ रुपये ८० पैसे. स्थिर आकार एकदाच, शुल्क धरून एकूण साधारण ३२२०. भागिले चार, ८०५ रुपये.

म्हणजे चार जणांनी मिळून एकच राइस प्लेट घेतली, दोन चपात्या पॅकेजच्या आणि बाकीच्या सगळ्या एक्स्ट्राच्या भावाने.

मला आधी वाटलं होतं की मालक लुटतोय. १२ रुपये युनिट! मावशींनाही तेच वाटतं आणि त्यावरून महिन्यातून एकदा भांडण ठरलेलं. पण ८०५ भागिले ७० करा, साडेअकरा रुपये युनिट पडतं. मालक बिचारा खोलीमागे ३५ रुपये वर घेतोय, त्यातून जिन्यातला बल्ब आणि पाण्याची मोटर. चार खोल्यांच्या जागी आठ असत्या तर ५६० युनिट झाले असते, वरचे ६० युनिट चौथ्या स्लॅबमध्ये, आणि एका खोलीला शुल्क धरून हजाराच्या वर पडले असते, १२ रुपयांत मालकालाच खिशातून घालावे लागले असते. (इंधन आकार मी धरलेला नाही, तो धरला तर अजून वाढेल.)

मावशींचे वर्षाचे साधारण २२०० रुपये जास्त जातात. त्यांच्या एका घरच्या कामाच्या पगाराएवढे. आणि हे पैसे कोणी चोरलेले नाहीत, नियमाप्रमाणेच गेलेत. सवलत मीटरला आहे, माणसाला नाही, आणि मीटरला आत किती चुली आहेत ते दिसत नाही. घणसोली गावठाण, तुर्भे स्टोअर, लोकमान्य नगर, किसन नगर, विटावा, कुठेही जिन्याखाली बघा, एका मीटरच्या शेजारी सबमीटरची रांग लागलेली दिसेल, वायरींचा गुंता आणि पेनाने लिहिलेले खोली नंबर.

याच्या उलट पण बघा. खारघरला कोणीतरी गुंतवणूक म्हणून घेतलेला बंद फ्लॅट, महिन्याला फ्रिजचा एखादा दिवस आणि पाहुणे आले तर दोन दिवस दिवे, १५ युनिट. त्याला पहिला स्वस्त स्लॅब अगदी अलगद मिळतो. (बीपीएल नाही मिळत, मंजूर भार मोठा असतो म्हणून, तेवढी अक्कल नियमात आहे.) आणि दिवा गावात दोन खोल्यांत नऊ माणसांचं एकत्र कुटुंब, सगळे मिळून १८० युनिट, माणशी बघितलं तर वीसच, पण शंभरच्या वरच्या ऐंशीला दर महाग.

मग स्वतःचा मीटर का नाही घेत?

कायदा म्हणतो घ्या. वीज कायद्याच्या कलम ४३ मध्ये शब्द आहेत मालक किंवा ताबेदार, म्हणजे जो त्या जागेत राहतो तो सुद्धा जोडणी मागू शकतो. खोली खरोखर वेगळी हवी, वेगळं दार, वेगळं वायरिंग. एकाच घरात स्लॅब वाचवायला दोन मीटर लावणं चालत नाही, ते लक्षात आलं तर दोन्ही एकत्र धरून बिल येतं, सो हॉलला एक आणि बेडरूमला एक असले जुगाड करू नका.

पण कायदा वेगळा आणि दिघा वेगळा. मालक नाही म्हणतो, कारण वीजबिल हा राहण्याचा पुरावा. भाडेकरूच्या नावावर बिल आलं की उद्या तो खोली सोडणार नाही ही भीती. ही भीती अगदीच खोटी आहे असं मी म्हणणार नाही, चार पिढ्या आपण पागडीची भांडणं बघितलीत. शिवाय इमारतीच्याच कागदपत्रांचा पत्ता नसेल तर मालक कुठल्याच ऑफिसची पायरी चढायला तयार नसतो, दिघ्यातल्या ९९ बेकायदा इमारतींचं प्रकरण हायकोर्टात गाजल्यापासून तर जास्तच.

मधला रस्ता आहे. मीटर मालकाच्याच नावावर, पण खोलीगणिक वेगळा. भाडेकरूला पुरावा मिळत नाही, मालकाची झोप उडत नाही आणि पहिल्या शंभरचा फायदा प्रत्येक खोलीला. तिसरा कोण अडवतो तर सुरुवातीचा खर्च, चार जोडण्यांचे चार्ज, चार डिपॉझिट. यासाठी सरकारी मदत मधून मधून येते. २०१७ मध्ये केंद्राची सौभाग्य योजना आली, त्यात गरीब घरांना जोडणी मोफत होती. २०२१ मध्ये १४ एप्रिलपासून राज्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजना आणली, अनुसूचित जाती-जमातीच्या अर्जदारांना ५०० रुपये डिपॉझिट आणि तेही शंभर-शंभरच्या पाच हप्त्यांत. अशी कुठली योजना आज चालू आहे का हे फॉरवर्डवर विश्वास न ठेवता महावितरणच्या आपल्या उपविभागात जाऊन विचारायचं. कळवा, मुंब्रा, दिवा इथे २०२० पासून बिलं-वसुली टोरंट पॉवर बघते, तिथल्यांनी त्यांच्या ऑफिसात. दर मात्र तेच, आयोगाने महावितरणला ठरवून दिलेले.

"दिल्लीत २०० युनिट फुकट, मग आपल्याकडे का नाही?"

हे मला तीन जणांनी विचारलं. दिल्लीत २०१९ पासून २०० युनिटांपर्यंत बिल शून्य, कर्नाटकात २०२३ ची गृहज्योती २०० युनिटांपर्यंत, तमिळनाडूत दर दोन महिन्यांच्या बिलात पहिली १०० युनिटं सगळ्यांनाच फुकट. आपल्याकडे २०२० मध्ये तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी १०० युनिट माफीचा विचार बोलून दाखवला, मग लॉकडाऊन आला आणि मार्चपासून मीटर रीडिंगच बंद पडलं, सरासरीने बिलं आली, जूनमध्ये तीन महिन्यांची रक्कम एकदम बघून लोक हबकले, माफी राहिली बाजूला आणि हप्ते पाडून द्यायची वेळ आली. २०२४ च्या विधानसभेला एका बाजूने १०० युनिट माफ आणि दुसऱ्या बाजूने ३० टक्के कपात असे वायदे होते. मावशींच्या मोबाईलवरचा फोटो बहुतेक त्याच काळातला फिरून फिरून आलेला.

पण समजा उद्या खरंच १०० युनिट फुकट झाली, तर? मावशींच्या चाळीत काय होईल? एकाच मीटरची १०० माफ, म्हणजे खोलीमागे २५, आणि ती सुद्धा मालकाने वाटली तर. कर्नाटकात भाडेकरूंनाही योजनेत घेतलं खरं, पण वेगळा मीटर तिथेही लागतोच. म्हणून मला फुकटच्या घोषणेपेक्षा वेगळ्या मीटरचा प्रश्न आधीचा वाटतो. कोणी वायदाच करायचा असेल तर हा करा ना.

"शेतकऱ्यांना मग फुकट कशी?" हा त्याच्या मागोमाग येतो. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना २०२४ पासून जी मोफत वीज आहे तिचे पैसे राज्य सरकार भरतं, वर सांगितलेल्या तिजोरीच्या मार्गाने. शहरातल्या गरिबांसाठी तसा वेगळा पैसा काढलेला नाही, ते वर्गणीवरच चालतात.

"थकवणाऱ्यांना माफी, मग वेळेवर भरणारे काय वेडे?"

अभय योजनेबद्दल हा राग असतो. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झालेल्या योजनेत व्याज आणि विलंब आकार माफ होता, मूळ रक्कम नाही. ३० टक्के आधी भरा, उरलेले सहा बिनव्याजी हप्त्यांत, घरगुतीवाल्यांनी एकदम भरले तर मूळ रकमेवर आणखी १० टक्के सूट. आणि ती फक्त ज्यांची वीज कायमची तोडलेली आहे त्यांच्यासाठी. म्हणजे जो अंधारात बसला होता त्याला परत यायचा जिना.

याचा भाड्याच्या आणि रीसेलच्या खोल्यांशी थेट संबंध आहे. आधीच्या माणसाची थकबाकी नव्या मालकाकडून वसूल करता येते, सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये ते मान्य केलंय. खोली विकत घ्यायच्या आधी नळ-संडास बघतो तसं जुनं वीजबिल पण मागून घ्यायचं.

सोलरचं काय?

पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६०, तीन किंवा जास्तला ७८ हजार अनुदान. राज्याने २०२५ मध्ये त्यावर स्मार्ट नावाची भर घातली, बीपीएल ग्राहकाला एका किलोवॅटसाठी वरचे १७,५०० मिळतात, पन्नास हजारांच्या सोलरला पदरचे अडीच हजार. कागदावर छानच आहे आणि गावाकडे स्वतःच्या घरावर खरंच छान आहे. इथे पहिला प्रश्न, छत कोणाचं? मावशींच्या चाळीच्या पत्र्यावर एक ताडपत्री, दोन टायर आणि मालकाची कबुतरं आहेत.

बिल भरताच येत नसेल तर

गप्प बसू नका, हे पहिलं. बिल थकलं म्हणून वीज तोडायला कायद्याप्रमाणे १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. "आज रात्री साडेनऊला वीज कट होणार, या नंबरवर फोन करा" हा मेसेज चोरांचा असतो, अशा नंबरवर फोन करायचा नाही. उपविभागात अर्ज देऊन हप्ते मागता येतात, तोंडी नाही, लेखी, आणि कॉपीवर शिक्का घ्यायचा. बिल चुकीचं वाटत असेल तर मीटर तपासणीचा अर्ज, तिथे दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, आपल्या भागाचा भांडुपला, आणि त्याच्याही वर विद्युत लोकपाल. वकील लागत नाही.

एप्रिल-मेच्या सुमारास जे जादा सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येतं ते दंड नाही, वापर वाढला म्हणून डिपॉझिट वाढवतात, त्यावर व्याज मिळतं. आणि घरात शिलाई मशीन, पोळी-भाजीचे डबे, पापड असला छोटा धंदा असेल तर घाबरून मीटर कमर्शियल करून घेऊ नका, महिन्याला ३०० आणि वर्षाला ३६०० युनिटांच्या आत असाल तर तो घरगुती दरातच बसतो. हे कितीतरी बायकांना माहीत नाही आणि "कळलं तर दंड होईल" म्हणून त्या वीज वापरायलाच बिचकतात.

मावशींना मी हा सगळा हिशोब वहीच्या पानावर लिहून दिला, डावीकडे ८०५, उजवीकडे ६२२. त्यांनी तो शेजारच्या तिघींना दाखवला आणि चौघी मिळून मालकाकडे गेल्या. भांडायला नाही म्हणे, पहिल्यांदाच. मालकाने पान दोनदा वाचलं, आपण ३५ रुपयेच वर घेतो हे त्यालाही नवीनच होतं, त्यामुळे चहा पण पाजला. मीटर त्याच्याच नावावर राहणार असतील तर हरकत नाही म्हणाला. कधी, तर "गणपती होऊ देत, मग बघू". ते पान सध्या मावशींच्या पर्समध्ये आहे.